ऑस्टिओपोरोसिस असताना पावलं आणि घोटे बळकट कसे करायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होणं. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आलेल्या गोव्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. उणे १ ते उणे २.५ या मधल्या टप्प्यात असणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. मणक्याचं फ्रॅक्चर आधी होऊन गेलं असेल, तर जिथे जिथे मणक्याचा उल्लेख आहे तो भाग आधी वाचा, व्यायाम नंतर.

घोट्यांचे व्यायाम केले की हाडं भरून येतात का?

डेक्साच्या आकड्यात दिसेल इतकी नाही. डेक्सा मुख्यतः खुबा आणि कंबरेचे मणके मोजते. पोटऱ्या बळकट झाल्या म्हणून तिथली घनता फारशी हलत नाही. त्यासाठी औषध, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पाठ-मांड्यांचे वजनाचे व्यायाम लागतात.

घोट्यांचं काम म्हणजे तुम्हाला पडू न देणं. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात, त्यातही कुशीवर पडल्यामुळे. उभ्या माणसाचा तोल थोडासा ढळला की शरीर आधी घोट्यातून सावरतं. घोटा आखडलेला किंवा अशक्त असेल तर सावरायची पाळी कंबरेवर येते, आणि पाऊल पुढे टाकायला उशीर होतो. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (२०११) पाय दुखणाऱ्या ज्येष्ठांना घरी करायचे घोट्या-पावलांचे व्यायाम, योग्य बुटांसाठी मदत आणि बुटात घालायचे इनसोल असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. यातला ‘एकत्र’ हा शब्द महत्त्वाचा. व्यायाम मन लावून केला आणि झिजलेली सपाता तीच ठेवली, तर अर्धंच काम झालं.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारायचं?

तीन गोष्टी. मणक्याचं फ्रॅक्चर आहे का (ते पुष्कळदा न दुखता होतं, उंची ४ सेंटिमीटर किंवा अधिक कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे मागा), उठल्यावर रक्तदाब खाली येतो का, आणि तळव्यांची संवेदना शाबूत आहे का. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर आधी चक्करेचा प्रश्न डॉक्टरांकडून सोडवून घ्या. चक्कर ही पोटरीच्या ताकदीने थांबत नाही.

जागा कुठली आणि पायात काय?

स्वयंपाकघराचा ओटा सगळ्यात चांगला. तो हलत नाही आणि उंचीही बरोबर असते. प्लास्टिकच्या खुर्चीचा आधार घेऊ नका, ती घसरते. लादी कोरडी हवी, पायाखाली पायपुसणं नको. अनवाणी केलं तर बोटं नीट काम करतात. पायमोजे घालून मात्र कधीच नाही. तळव्यांना बधिरपणा असेल तर बूट घालूनच करा.

टाचा उचलण्याचा व्यायाम नेमका कसा करायचा?

एकच व्यायाम करणार असाल तर हा करा. ओट्याकडे तोंड करून उभे राहा, दोन पावलांत वीतभर अंतर. बोटांची टोकं ओट्यावर टेकवा, मनगटांवर भार नको. नजर समोरच्या भिंतीवर. दोन आकडे मोजत टाचा वर, एक आकडा थांबा, तीन आकडे मोजत खाली. असं ८ ते १० वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा ८ ते १० वेळा.

वर गेल्यावर भार अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी यायला हवा. बहुतेकांचा तो करंगळीकडे कलतो, घोटे बाहेर झुकतात आणि पाय मुरगळण्याची तीच स्थिती असते. यावर उपाय सोपा आहे. पावलं जवळ घेऊन दोन्ही टाचांच्या मधे टेनिसचा बॉल धरा आणि वर जाताना, खाली येताना तो निसटू देऊ नका. बॉल पडला की घोटा बाहेर गेला असं समजा. पडलेला बॉल उचलायला मात्र वाकू नका. कुणालातरी सांगा किंवा तिथेच थांबा.

आणखी तीन चुका नेहमी दिसतात. पहिली, गुडघे वाकवून उसळी घेणं. दुसरी, छाती ओट्यावर रेलून हातांनी वर जाणं. तिसरी, टाचा धपकन सोडणं. पोटरीला खरी ताकद खाली येतानाच्या सावकाशीतून मिळते, आणि धपका थेट मणक्यांपर्यंत पोचतो.

दोन वेळा १० सहज जमू लागले की आधार कमी करा: दोन्ही हातांऐवजी एक हात, मग एक बोट. नंतर दोन पायांवर वर जा आणि एका पायावर खाली या. एका पायावर वर जाणं ही शेवटची पायरी. तिथपर्यंत पोचायला काही महिने लागले तरी चालतं.

उभं राहणंच जमत नसेल तर खुर्चीत ताठ बसून टाचा उचला. सोपं वाटू लागलं की २ किलो तांदळाची पिशवी गुडघ्याजवळ मांडीवर ठेवा. पिशवी दुसऱ्याने आणून द्यावी, जमिनीवरून आपण उचलू नये.

टाचा आपटल्याने हाडं मजबूत होतात असं ऐकलं. खरं का?

हाडाला थोडा धक्का लागणं उपयोगी असतं, हे खरं. पण मणक्याचं फ्रॅक्चर असलेल्यांनी किंवा तोल कच्चा असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये. बाकीच्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून.

चालताना पाऊल उंबरठ्याला अडखळतं. त्यासाठी काय?

नडगीचा स्नायू दमलेला असतो, पुढचा चवडा पुरेसा उचलला जात नाही. भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, शेजारी जड टेबल. दोन्ही चवडे वर उचला, टाचा जमिनीवरच. दोन आकडे धरा, सावकाश सोडा. १० वेळा. भिंतीशिवाय हा व्यायाम केला की लोक कंबर मागे काढून पुढे वाकतात. चवडे वर गेल्यासारखे दिसतात, पण काम कंबर करते. भिंत ही लबाडीही थांबवते आणि मागे पडणंही.

जमिनीवरचा टॉवेल बोटांनी ओढायचा व्यायाम करू का?

करा, पण टॉवेल पसरण्यासाठी आणि उचलण्यासाठी वाकायचं नाही. पाठ गोल करून पुढे वाकणं हा ठिसूळ मणक्यांवर सगळ्यात वाईट भार. पावलांचे व्यायाम करताना इजा होते ती अनेकदा पावलाला नाही, पाठीला होते: टॉवेल सरळ करताना, पट्टा अडकवताना, ‘बोटं नीट वळतात का’ हे वाकून बघताना. समोर भिंतीला टेकवून आरसा ठेवला की वाकायची गरज उरत नाही. टॉवेल पायानेच सरकवा.

बोटांनी गोट्या उचलण्याचा व्यायाम काही ठिकाणी सांगतात. हाडं ठिसूळ असलेल्या माणसाच्या घरात लादीवर गोट्या पसरणं आम्हाला मान्य नाही.

टॉवेलपेक्षा अवघड आणि अधिक कामाचा व्यायाम म्हणजे पावलाची कमान उचलणं. खुर्चीत बसून तळवा जमिनीला टेकवा. बोटं न वळवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे खेचायचा प्रयत्न करा. पावलाची आतली कमान किंचित वर येते. ५ सेकंद धरा, ८ वेळा करा. पहिला आठवडाभर बोटं वळतातच आणि तळव्यात पेटकाही येतो. पेटका आला तर उभं राहून तळव्यावर भार द्या, तो सुटतो. दुसऱ्या दिवशी ४ वेळाच करा.

रबरी पट्टा कसा वापरायचा?

पाऊल बाहेर आणि आत वळवणाऱ्या स्नायूंसाठी, म्हणजे वारंवार पाय मुरगळणाऱ्यांसाठी. पट्टा जड टेबलाच्या पायाला बांधून त्याचा फास जमिनीवर ठेवून द्या, आणि बसल्यावर पाऊल त्यात सरकवा. टाच जागेवर ठेवून पाऊल बाहेर १० वेळा, मग खुर्ची फिरवून आत १० वेळा. गुडघा डोलत असेल तर पट्टा फार कडक आहे. सर्वांत हलक्या ताणाचा घ्या.

गोव्याच्या दमट हवेत हे पट्टे लवकर चिकट होतात आणि कडेला बारीक चिरा पडतात. उन्हात वाळत घालू नका, पुसून थोडी टाल्कम पावडर लावून ठेवा. चीर दिसली की टाकून द्या. ताणलेला पट्टा तुटला तर झटका बसतो.

तोल सुधारण्यासाठी?

दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहा, समोर जड खुर्ची. आधी पावलं जुळवून ३० सेकंद. मग एका पावलाचा अंगठा दुसऱ्याच्या टाचेच्या बाजूला लावून ३० सेकंद. मग एकामागे एक सरळ रेषेत ३० सेकंद. शेवटी एका पायावर १० सेकंद. एक पायरी हात न लावता जमली तरच पुढची. ओट्याच्या कडेने टाचेला अंगठा लावत चालणं हाही यातलाच पुढचा भाग.

दात घासताना एका पायावर उभं राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लादी ओली, एक हात गुंतलेला आणि मान खाली. ठिसूळ हाडांसाठी हा सल्ला नको. डोळे मिटून उभं राहणंही घरी एकट्याने नको.

आठवड्यातून किती वेळ?

ताकदीचे व्यायाम आठवड्याला तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. तोलाचे रोज. तोलाला आव्हान देणारे व्यायाम आठवड्याला एकूण ३ तासांच्या आसपास पोचतात तेव्हा पडणं टाळण्याचा फायदा अधिक दिसतो, पण पहिल्याच आठवड्यात तिथे उडी घेऊ नका. सकाळी १० आणि संध्याकाळी १० मिनिटांनी सुरुवात चांगली. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे, आणि सोडून दिलं की तो जातोही तितक्याच वेगाने.

कुठलं दुखणं चालेल आणि कुठलं नाही?

पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जड वाटणं, जिना उतरताना ठणकणं हे चालेल; दोन दिवसांत जातं. पुढील चार नाही.

पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, त्यावर थोडी सूज, आणि चालल्यावर वाढणं. हे चवड्याच्या हाडाला गेलेल्या बारीक तड्याचं लक्षण असू शकतं. पहिला एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो. तडा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून चालत राहू नका, पुन्हा दाखवा.

जांघेत किंवा मांडीत मंद, सतत ठणका, विशेषतः ॲलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड काही वर्षं चालू असताना. मांडीच्या हाडाचं एक वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चर अशी आधी सूचना देतं. व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा.

टाचेच्या वर मागच्या बाजूला कुणी लाथ मारल्यासारखी अचानक कळ आणि मग टाच उचलता न येणं. पोटरीला टाचेशी जोडणारा जाड स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटलेला असू शकतो. स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांच्या काळात हा धोका वाढतो, म्हणून ही प्रतिजैविकं चालू असताना टाचा उचलण्याचा व्यायाम बंद ठेवा आणि पुन्हा कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारा.

एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं. रक्ताच्या गुठळीची शंका; चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

आईला मधुमेहही आहे. काही वेगळं?

हो, आणि गोव्यात हा प्रश्न पुष्कळ घरांचा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, गोव्यात आढळलं. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली की जमीन कशी आहे हे मेंदूला कळत नाही, आणि ताकद असूनही तोल जातो. डॉक्टरांकडे १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळवा तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर अनवाणी व्यायाम नाही, आणि व्यायामानंतर तळव्यांवर लालसर डाग किंवा फोड आहेत का ते रोज कुणीतरी बघायचं. पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं झालं आणि तरी फार दुखत नसेल, तर चालणं थांबवून लगेच दाखवा. हाडं आतल्या आत ढासळत असू शकतात.

चप्पल कुठली?

मागे पट्टा असलेली. हवाई चप्पल आणि सपाता धरून ठेवायला बोटं आकसावी लागतात, पाऊल घासत पडतं, आणि पायरी उतरताना टाच मोकळी सुटते. दुकानात तीन गोष्टी तपासा. सोल चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. बूट असेल तर टाचेमागचा भाग चिमटीत दाबून बघा, तो मऊ नको. टाचेची उंची अडीच सेंटिमीटरच्या आत आणि रुंद. जाड, गुबगुबीत सोल आरामदायक वाटतो, पण त्यातून जमीन नीट जाणवत नाही. तोलाच्या दृष्टीने पातळ आणि टणक सोल बरा. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर फार भीती वाटते.

वाटायलाच हवी. जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ येतच राहतं. ब्लीचिंग पावडर आणि कडक ब्रशने दर पंधरवड्याला पायऱ्या घासून घ्या, अर्थात दुसऱ्याकडून. न घसरणाऱ्या चिकटपट्ट्या टाइल्सवर टिकतात, ओल्या खडबडीत जांभ्यावर सुटतात. सुटलेली कड पायात येते, ती आणखी वाईट. बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पायऱ्यांना एका बाजूने तरी ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीचा कठडा बसवून घेणं हा या सगळ्यातला सर्वांत चांगला खर्च. छत्री एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात अशी पायरी उतरू नका. त्यापेक्षा रेनकोट बरा.

मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत चालू का?

ओहोटीच्या वेळी पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला, तेही चप्पल घालून. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल आत-बाहेर वळतं. आधीच मुरगळणाऱ्या घोट्यांना ते नको. किनारा एका बाजूला उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच परत याल असं बघा, नाहीतर एकाच घोट्यावर ताण येतो. पाण्यात उतरून उभं राहू नका. लाट परतताना तळव्याखालची वाळू ओढून नेते.

देवळात अनवाणी चालावं लागतं, त्याचं काय?

मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा अशा मोठ्या प्रांगणांच्या देवळांत पावसात फरशी ओली आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेली असते. सकाळी लवकर जा, प्रदक्षिणा भिंतीच्या कडेने घाला. पाय धुतल्यावर पुसायला पंचा सोबत ठेवा. दंडवत वाकून नको, उभ्यानेच हात जोडा.

चवथीला (गणेशचतुर्थीला) फुगडी घालता येईल?

उड्या, गिरकी, कमरेतून वाकणं आणि दुसऱ्याच्या हाताच्या जोरावर मागे झुकणं, हे सगळं फुगडीत एकत्र येतं. समोरच्या बाईचा हात सुटला तर तुम्ही कुशीवर किंवा पाठीवर पडता. ऑस्टिओपोरोसिसमध्ये जोडीची गिरकीची फुगडी नकोच, मणक्याचं फ्रॅक्चर नसलं तरी. फेरात उभं राहून टाळ्या धरणं, गाणं, जागच्या जागी पावलं टाकणं चालेल. धालोचं (गोव्यातल्या बायकांच्या ओळीतल्या लोकनृत्याचं) पाऊल सावकाश असतं, म्हणून ते सोपं वाटतं, पण त्यात पुढे वाकणं पुन्हा पुन्हा येतं. ओळीत राहा, पाऊल टाका, पाठ ताठ ठेवा. वाकणं इतरांवर सोडा.

चवथीच्याच आठवड्यात आदोळीवर (खोवणीच्या विळीवर) बसून नारळांचा ढीग खोवला जातो. टेबलाला लावायची खोवणी आणा आणि उभ्याने किंवा खुर्चीत बसून खोवा.

पाय मुरगळला तर आधी काय?

चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेला, अथवा करंगळीच्या मागे पावलाच्या मध्यावर हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. हाडं ठिसूळ असताना शंका आली तरी काढा. तोवर पाय उंच, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. तेल लावून चोळणं आणि ‘बसवून’ घेणं नको.

प्लास्टर निघालं, घोटा ताठ झालाय.

पायावर किती भार द्यायचा हे शल्यचिकित्सकच सांगतील. ते विचारल्याशिवाय काठी सोडू नका. भार नसलेली हालचाल बहुधा लगेच सुरू करता येते. पाय स्टुलावर ठेवून अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरं काढा, गुडघा न हलवता. संध्याकाळची सूज काही महिने राहते.

कुठे दाखवायचं?

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा म्हापसा, मडगावची जिल्हा रुग्णालयं. डेक्साचा अहवाल, मणक्याचा एक्स-रे, चालू गोळ्या आणि रोजच्या वापरातली चप्पल सोबत न्या. चपलेचा सोल कुठे झिजलाय यावरून पाऊल कसं पडतं ते कळतं.

बसची पायरी उंच वाटते.

चढताना बळकट पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी. दोन्ही हातांनी दांडा धरता यावा म्हणून पिशवी खांद्याला आडवी अडकवा. घरी सराव करायचा तर जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, कठडा धरून, प्रत्येक पायाने ८ वेळा चढ-उतार. बस पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठू नका. उतरायचं आहे हे कंडक्टरला आधी सांगून ठेवा. फेरीबोटीत रॅम्प काठाला पूर्ण टेकेपर्यंत आणि दुचाक्या निघून जाईपर्यंत कठड्याशी थांबा, मग उतरा.